पाटीला शोभेल अशी बॅटरी

आमच्या घरी पाटी आधी आली आणि बॅटरी नंतर. क्रम चुकला हे मला आता मान्य आहे. त्या वेळी मान्य नव्हतं, आणि ज्या व्यक्तीने ते मान्य करायला लावायचा प्रयत्न केला तिच्याशी मी तीन दिवस अबोला धरला होता. ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी दीपाली, त्यामुळे त्या तीन दिवसांत हाल झाले ते माझेच.

पाटीचं आधी सांगतो. मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली. कागदोपत्री कर्ज विभागात होतो, पण माझी खरी ओळख शाखेतल्या सूचनांमुळे. 'पेन बांधलेले आहे, ओढू नये.' 'चौकशी करण्यापूर्वी समोरचा फलक वाचावा.' 'फलक वाचूनही शंका उरल्यास ती घरी न्यावी.' या सगळ्या माझ्या. लोक उभं राहून फोटो काढायचे. निवृत्तीच्या समारंभात मॅनेजरांना माझ्याबद्दल बोलायला काही सुचलं नाही तेव्हा त्यांनी माझ्या सहा पाट्या वाचून दाखवल्या आणि टाळ्या घेतल्या. तेव्हापासून हात शिवशिवत होते. घराला गेट होतं, गेटाला खांब होता, पण लिहायला कारण नव्हतं.

ते कारण सोलरने दिलं. वारज्यातल्या आमच्या अकरा बंगल्यांच्या सोसायटीत छपरावर पॅनेल चढवणारा मी पहिला. मंजुरी, मीटर, पाहणी यांत चार महिने गेले, पण पाटी एका दुपारीत झाली. काळा ग्रॅनाइट, कोरलेली अक्षरं, वर पांढरा रंग. मजकूर असा: 'हे घर सूर्यावर चालते. येथे वीज जात नाही. मोबाईल चार्जिंग, मिक्सर, इस्त्री अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी बेल वाजवू नये.'

'अन्य कोणत्याही कारणासाठी' हे तीन शब्द मी शेवटी घातले. त्याशिवाय दुसरी ओळ आखूड पडत होती.

"अहो, आधी एक गुरुवार तर जाऊ द्या," दीपाली म्हणाली. आमच्याकडे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, सकाळी नऊ ते पाच. हेच ते वाक्य, ज्यावरून अबोला झाला.

गुरुवार आला. नऊला वीज गेली आणि नऊला आमच्याही घरचा पंखा थांबला. मी आधी पंख्याला दोष दिला. मग फ्यूज बघितला. मग छपरावर जाऊन पॅनेलकडे बघितलं. ऊन रणरणत होतं, पॅनेल चकाकत होती आणि खाली माझ्या घरात वीज नव्हती. शेजारच्या सर्जेरावांकडे मात्र जिन्याखालच्या जुन्या इन्व्हर्टरवर टीव्ही जोरात चालू होता. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी सर्जेरावांच्या वडिलांची, त्यामुळे आजही सगळ्यांच्या घरात काय चाललंय हे जाणून घेण्याचा आपल्याला वहिवाटीने हक्क आहे असं ते मानतात.

"काय सायेब," ते कुंपणावरून म्हणाले, "सूर्य सुट्टीवर हाय का आज?"

"टेस्टिंग चालू आहे," मी म्हणालो.

समोरच्या घरातले बाबुराव व्हरांड्यात बसले होते. बाबुराव वीज कंपनीत चौतीस वर्षं लाइनमन होते. फुप्फुसं कामातून गेल्यामुळे दोन वर्षांपासून त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. खोलीतली हवा ओढून त्यातला प्राणवायू नळीतून नाकाला देणारं, विजेवर चालणारं. वीज गेली की मशीन बंद. मग त्यांच्या पत्नी शालनताई एक छोटा सिलिंडर जोडून देतात. तो पाच-सहा तास पुरतो, आणि गुरुवारची वीज आठ तास जाते. मधले दोन-तीन तास बाबुराव न बोलता, न हलता, नळी लावून-काढून भागवतात. हे मला ठाऊक होतं. सोसायटीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब," बाबुरावांनी तिथूनच हाक मारली, "तुमचं सोलर... बंद पडलं ते... बरोबर..."

माणूस टोमणा मारतोय असं वाटून मी आत निघून गेलो. बाबुरावांचं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि मला त्या दिवशी वेळ नव्हता. संध्याकाळी सोलरवाल्यांना फोन केला तेव्हा त्यांनी तेच वाक्य पूर्ण केलं. अशा प्रकारचं सोलर, बाहेरची वीज गेली की मुद्दाम बंद पडतं. कारण त्या वेळी कोणीतरी खांबावर चढलेलं असतं, आणि तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर तो माणूस जिवंत खाली येत नाही. चौतीस वर्षं तो खांबावरचा माणूस असलेले बाबुराव मला हेच सांगत होते. मी टॉवेल घेऊन गेटापाशी गेलो आणि पाटी झाकली.

पाटी काढता येत नव्हती हे स्पष्ट करायला हवं. कारागिराने ती अशा काही मसाल्याने चिकटवली होती की ती निघाली असती तर खांबासकट. टॉवेल तीन आठवडे राहिला. येणारेजाणारे थांबून हळूच विचारायचे, घरात काही झालं का? सर्जेरावांनी तर सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर विचारलं, "अनावरणाला कोण पाव्हणं येणार हायेत?" त्याला सोळा जणांनी हसऱ्या तोंडांची चित्रं टाकली. मी मोजली.

आता मार्ग एकच होता. पाटी खोटी होती, तर ती खरी करायची. घरात बॅटरी आणायची. लोक बॅटरी गरजेपोटी घेतात. मी मजकुरापोटी घेणार होतो.

सल्ले विचारावे लागले नाहीत. सर्जेराव म्हणाले, "ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या जोडा, हत्ती ओढतील." बंगळुरात नोकरीला असलेला आमचा मुलगा तेजस फोनवर म्हणाला, "बाबा, फर्स्ट डिफाइन करा की तुमचा यूजकेस काय आहे. बॅकअप हवाय का इंडिपेंडन्स?" मी म्हणालो, मान हवाय. तो म्हणाला, "त्यासाठी कॉलम नाहीये शीटमध्ये." मग त्याने बारा रकान्यांचा एक तक्ता पाठवला. लिथियम का लेड, किती वर्षं टिकेल, किती टक्के वापरावी, किती तापते. मी तक्ता छापून भिंतीवर लावला. दीपालीने त्यावर दुधाच्या पिशव्यांचा हिशेब लिहायला सुरुवात केली.

शेवटी बुधवार पेठेत गेलो. तिथे एका बोळात रणजित नावाच्या गृहस्थाचं सोलरच्या सामानाचं दुकान आहे. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक उभं, मालक बसलेला. त्याने मान वर न करता विचारलं, "काय चालवायचंय?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काहीच नाही. यादी करून आणा, मग या."

एवढं बोलून त्याने पुढच्या माणसाकडे बघितलं. बँकेच्या काउंटरपलीकडून मी हे एकतीस वर्षं केलं होतं. अलीकडून ते कसं लागतं हे त्या दिवशी कळलं. शनिवारी यादी घेऊन परत गेलो. त्याने ती वाचली. "काका, दिवसाची वीज जाते, तीही आठवड्यातून एकदा. दोन पंखे, चार दिवे, वायफाय. साधी ट्यूब्युलर, पाण्याची बॅटरी घ्या, जिन्याखाली ठेवा, वेळच्या वेळी पाणी घाला. मोठी कशाला?"

बरोबर बोलत होता. पण आमच्या पाटीवर 'येथे वीज अंशतः जात नाही' असं लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, मला पाच युनिटची लिथियमच हवी. तो म्हणाला, दोन महिने थांबावं लागेल, दुकानात एकच आहे आणि ती एका दवाखान्यासाठी ठेवलीय. दोन महिने म्हणजे आठ-नऊ गुरुवार, टॉवेलसकट. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "समोरच पेशंट आहेत हो. ऑक्सिजनच्या मशीनवर. गुरुवारी फार हाल होतात."

या विधानात एकही शब्द खोटा नाही. समोर पेशंट होते, ऑक्सिजनच्या मशीनवर होते, हाल होत होते. मी बँकेतला माणूस आहे, मला खोटी विधानं करता येत नाहीत. मी फक्त एका खऱ्या वाक्याशेजारी दुसरं खरं वाक्य ठेवलं आणि मधली जागा समोरच्याला भरू दिली.

रणजित उठून उभा राहिला. मला स्वतःचं स्टूल दिलं. चहा मागवला. "आधी नाही का सांगायचं काका? मी आपला यादी-बिदी विचारत बसलो. दवाखान्याला मी दुसरीकडून बघतो. आणि हे बघा, पेशंटसाठी मी बाहेरच्या भिंतीला एक वेगळं सॉकेट काढून देतो, झाकणाचं. वायर टाकली की त्यांचं मशीन थेट तुमच्या बॅटरीवर. त्याचं मला काही देऊ नका." चहा चांगला होता. तो तसाच ठेवून उठावंसं वाटत होतं, तरी मी पूर्ण प्यायलो, कारण टाकला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

बॅटरी घ्यायची तर सोलरचा आधीचा इन्व्हर्टर बदलायचा, आणि इन्व्हर्टर बदलायचा तर वीज कार्यालयाची मंजुरी घ्यायची. कार्यालयात शिरताच भिंतीवर पाटी दिसली: 'विनाकारण चौकशी करू नये.' चांगली पाटी होती. मला थोडा मत्सर वाटला. पहिल्या खिडकीवर सांगितलं, बॅटरीचा अर्जच नसतो. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, अर्ज असतो पण तो पहिल्या खिडकीवर मिळतो. पहिल्या खिडकीने मग अर्ज दिला, फक्त तो बॅटरीचा नसून 'यंत्रणेतील बदलाचा' होता, आणि मी तसं विचारायला हवं होतं. सोबत तीन प्रती, सोसायटीचं ना-हरकत पत्र, जुन्या मंजुरीची नक्कल आणि जोडणीची आकृती. ना-हरकत पत्रावर सही करायला सोसायटीच्या अध्यक्षांनी, म्हणजे सर्जेरावांनीच, चार दिवस घेतले, कारण त्यांना 'हरकत न्हाय' असं लिहिण्याआधी हरकत कशाला घेता येईल ते बघायचं होतं.

अर्जात एक रकाना होता: 'बदलाचे कारण'. पेन हातात घेऊन मी पाच मिनिटं थांबलो. पाटी, असं लिहिता येत नव्हतं. मग लिहिलं, 'शेजारील रुग्णाचे प्राणवायू यंत्र अखंड चालावे म्हणून.' दुकानात खपलेला माल इथेही खपेल, असा माझा हिशेब. या वेळी मात्र मधली जागा मी स्वतःच भरली होती, आणि खाली सही केली होती.

तो अर्ज उत्कर्षा नावाच्या तरुण इंजिनिअर बाईंसमोर गेला. त्यांनी कारण वाचलं, पत्ता वाचला आणि वर बघितलं. "तुमच्या समोर म्हणजे... बाबुराव काका का? लाइनमन?"

"हो."

"अहो, माझ्या पहिल्या पोस्टिंगला मला त्यांनी शिकवलंय. डिग्री होती, पण तारेला हात कधी लावायचा नाही हे कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी आकृती उलगडली, बाहेरच्या सॉकेटवर बोट ठेवलं. "हे त्यांच्यासाठी ना? फार चांगलं काम करताय तुम्ही. लोक शेजाऱ्यांसाठी इतकं करत नाहीत हल्ली." पंधरा-वीस दिवस लागतील असं ज्या सहीबद्दल ऐकलं होतं ती पाच मिनिटांत झाली. "काकांना सांगा, उत्कर्षा विचारत होती म्हणून."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सांगायचं तर तिथे का गेलो होतो ते सांगावं लागलं असतं. व्हरांड्यातून बाबुराव हात वर करायचे तेव्हा मी मोबाईल कानाला लावून आत जायला लागलो. मोबाईलवर पलीकडे कोणी नसायचं.

बॅटरी बसवायला रणजित स्वतः आला, पेशंटचं काम म्हणून. पॅसेजमधली गव्हाची कोठी हलवावी लागली आणि तिच्यामागे दीपालीचं हरवलेलं लाटणं सापडलं, एवढाच त्या दिवसाचा घरगुती लाभ. सर्जेराव नारळ घेऊन आले आणि बॅटरीवरच फोडायला निघाले, त्यांना धरून अंगणात न्यावं लागलं. बाहेरच्या भिंतीला, गेटाजवळ, झाकणाचं सॉकेट लागलं.

"आता वायर मोजून घेऊ," रणजित म्हणाला. "कुठलं घर पेशंटचं?"

"झोपलेत ते आत्ता," मी म्हणालो. "नंतर टाकून घेतो मी."

सकाळचे अकरा वाजले होते. समोरच्या व्हरांड्यात बाबुराव पेपर वाचत बसलेले रणजितच्या पाठीमागे मला स्पष्ट दिसत होते. दीपालीही दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून आत गेली. त्या दिवशी जेवायला तिने मला वाढलं, पण मीठ वाढलं नाही, आणि मी ते मागितलं नाही.

मी खरंच वायर टाकणार होतो. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. पण वायर टाकायची म्हणजे बाबुरावांकडे जायचं, आणि त्यांनी विचारलं असतं की एवढं माझ्यासाठी कशाला, तर? तोवर रिकामं सॉकेट मला बघवेना. टॉवेल काढला तसं लक्षात आलं की बदामाच्या झाडाची सावली पाटीवर पडते आणि दुसरी ओळ नीट दिसत नाही. म्हणून मी त्या सॉकेटला एक बल्ब लावला, वाकड्या दांडीचा, प्रकाश बरोबर ग्रॅनाइटवर पडेल असा.

पुढचा गुरुवार माझा होता. दीपालीला मी थांब म्हणालो, तर ती म्हणाली, "तुमचा सोहळा तुम्ही करा," आणि बहिणीकडे निघून गेली. नऊला वीज गेली आणि आमच्या घरातला एकही दिवा लुकलुकला नाही. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मी एकेक बटण दाबत सगळं घर फिरलो. सगळे दिवे, सगळे पंखे, टीव्ही. रस्त्यापर्यंत आवाज जावा म्हणून वॉशिंग मशीनही लावलं. त्यात कपडे नव्हते. मग व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो आणि लोक येण्याची वाट बघू लागलो.

कोणी आलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. लोक गेटापर्यंत येत, बल्बखालची पाटी वाचत आणि पुढे जात. बेल वाजवू नये असं मीच कोरून ठेवलं होतं हे खरं, पण पुण्यात पाटीचं इतकं कोण ऐकतं? निदान एखाद्याने तरी चार्जर घेऊन यावं, मी त्याला पाटीकडे बोट दाखवावं आणि मग मोठ्या मनाने आत घ्यावं, असा सगळा प्रवेश मी ठरवून ठेवला होता. दुपारी माझ्या बॅटरीवर माझ्या इंडक्शनवर मी एकट्यासाठी चहा केला आणि तो घेऊन आत टीव्हीसमोर बसलो. पाचला वीज यायची ती आली नाही. कुठेतरी खोदकामात केबल तुटली असा निरोप ग्रुपवर आला. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आता तरी लोक येतील!

साडेपाचच्या सुमाराला मी पुन्हा व्हरांड्यात आलो तेव्हा समोर रिक्षा येऊन उभी राहत होती. शालनताईंनी बाबुरावांना धरून आणलं, सिलिंडर पायाशी ठेवला. मला वाटलं, निघालेत लेकीकडे. मी व्हरांड्यातून हात हलवला. चांगला दोनदा हलवला. बाबुरावांनी हात वर केला. शालनताईंनी बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी सर्जेराव कुंपणाशी आले. एरवी ते आले की टोमणा आणतात. त्या दिवशी रिकामे आले होते.

"काल शालनताई तुमच्या गेटाशी उभ्या व्हत्या की, पाचच्या आसपास. हातात वायरचं भेंडोळं व्हतं. मला वाटलं, तुमच्याकडंच चालल्यात. लई येळ उभ्या व्हत्या. मग गेल्या माघारी."

"मग बेल का नाही वाजवली?" हे मी विचारलं. खरोखर विचारलं.

सर्जेरावांनी पाटीकडे बघितलं आणि ते घरात गेले. ज्या माणसाने माझ्या टॉवेलवर सोळा जणांना हसवलं होतं, त्याला त्या दिवशी माझ्यावर हसावंसंही वाटलं नाही. मला लाज वाटली. यापूर्वी मला अनेकदा ओशाळल्यासारखं झालं होतं आणि त्यालाच मी लाज समजत होतो. ही वेगळी होती. हिच्यात कोणी बघत नसलं तरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

दोघं शनिवारी कात्रजहून, लेकीकडून, परत आले. मी गेलो. जाण्याआधी दोन वाक्यं मनात तयार केली होती, 'झाल्या प्रकाराबद्दल मनःपूर्वक दिलगिरी' वगैरे. मला अशीच वाक्यं सुचतात. दार उघडंच होतं. बाबुराव खुर्चीत, नळी नाकाला, शेजारी मशीन घरघरत होतं. शालनताई गव्हातले खडे वेचत होत्या.

"या साहेब," बाबुराव म्हणाले. "बसा."

मी बसलो आणि तयार केलेलं एकही वाक्य आलं नाही. "तब्येत?" एवढंच विचारलं.

"बरी आहे," उत्तर शालनताईंनी दिलं. "कात्रजच्या चौकात सिलिंडर संपला. पुढे गाड्यांची ही रांग. पंधरा मिनिटं यांनी तशीच काढली. ओठ निळे झाले होते. सोनालीने खाली येऊन अक्षरशः उचलून वर नेलं बापाला." हे सगळं त्या ताटात बघत सांगत होत्या, खडे वेचणं न थांबवता.

"अगं, झालं ते..." बाबुरावांनी हात हलवला. मग माझ्याकडे वळले. "उत्कर्षाचा फोन होता... बुधवारी. म्हणाली, काका... तुमची बॅटरी बसली का? मला काही... कळेना. मग म्हणाली... अर्जात लिहिलंय की... तुमच्यासाठी." ते दम घ्यायला थांबले. या खेपेला मला कुठे जायचं नव्हतं. "मी हिला म्हटलं... बघ, साहेब बोलत नाहीत... पण मनाने..."

"ते खोटं आहे, बाबुराव," मी म्हणालो. "तुमचं नाव मी लवकर काम व्हावं म्हणून लावलं. दुकानातही तेच केलं."

शालनताईंचा हात एकदा थांबला आणि पुन्हा चालू झाला. बाबुरावांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील, आणि म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण चौतीस वर्षं बिघाड शोधण्यात गेलेला माणूस. त्याने तेच केलं.

"किती युनिटची... बॅटरी?"

"पाच."

"माझं मशीन... साडेतीनशे वॅट." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बारा-तेरा तास... आरामात. मग परवा पाचला... किती उरली होती?"

"अर्ध्याहून कमी."

"दिवसाचं ऊन असून? लोड काय होता?"

"दिवे," मी म्हणालो. "सगळे. पंखे. टीव्ही. इंडक्शन."

"दिवसा दिवे?"

"हो. आणि वॉशिंग मशीन."

"कपडे होते?"

"नव्हते."

ते टोमणे मारत नव्हते. खरोखर समजून घेत होते, आणि त्यामुळे प्रत्येक उत्तर द्यायला मला जास्त जड जात होतं.

"आकृतीत... बाहेर एक सॉकेट आहे, म्हणाली उत्कर्षा. तेच बघून ही... वायर घेऊन आली होती. ते चालू होतं?"

"चालू होतं."

"त्याला काय होतं?"

"बल्ब."

"कशाला?"

मी जमिनीकडे बघत होतो. फरशीवर एक गव्हाचा दाणा पडला होता, तो उचलून मी ताटात टाकला. मग म्हणालो, "पाटी नीट वाचता यावी म्हणून."

"आली हो," शालनताई म्हणाल्या. "अगदी नीट वाचता आली." आणि ताट बाजूला ठेवून त्या माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.